आमची विहीर गोड आहे

चैत्र लागला की मला वेगळीच तहान लागते. अमरावतीत आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला मोहोर येतो, दहावीच्या मुली परीक्षेचं पॅड छातीशी धरून शाळेत शिरतात, शेजारीपाजारी लग्नपत्रिका वाटत फिरतात, आणि मी माठातलं गार पाणी पेल्यामागून पेले पीत सुटते. पोट भरतं, तहान जात नाही. मग कोणी बघत नाही असं पाहून मी पेल्यात चिमूटभर मीठ टाकते, ढवळते आणि पिते. तेव्हा कुठे भागतं. नवऱ्यानं एकदा हे पाहिलं आणि तो हसत सुटला. "तुही जीभ अजून माहेरीच हाय व," म्हणाला. मी चिडले. त्याचं म्हणणं खरं होतं, पण ते कौतुक म्हणून घ्यावं की टोमणा म्हणून, हे मला कळेना.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या जवळ. म्हणजे खारपाणपट्ट्यात. ज्याला हा शब्द ठाऊक नाही त्याला समजवायचं झालं, तर मी परात पुढे ओढते. मी शाळेत भूगोल शिकवते, पण हा धडा शाळेतला नाही, स्वयंपाकघरातला आहे. परातीची वरची कड म्हणजे सातपुडा, मेळघाट. त्या कडेला परतवाडा. तिकडे संत्र्याचे बगीचे आणि गोड विहिरी. खालची कड बार्शीटाकळीकडची. तिथं जमीन चढत जाते, मुरूम लागतो आणि पाणी पुन्हा गोड होतं. मधल्या खळग्यात आम्ही. या खळग्यातून पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाते. काळी माती इतकी खोल, की कितीही खणा, खडक म्हणून लागत नाही. पाणी मात्र लागतं, भरपूर लागतं आणि तोंडात घेतलं की थुंकून टाकावंसं वाटतं. जिल्ह्याच्या हद्दीशी या खारेपणाला काही देणंघेणं नाही. आमच्या शेतापलीकडचं गाव अकोला जिल्ह्यात मोडतं. त्यांचा कलेक्टर वेगळा, बाजार वेगळा, पण डाळ त्यांचीही शिजत नाही.

हे मीठ आलं कुठून, हे मला अजून नीट समजलेलं नाही. भूगोलाच्या बाईनं असं म्हणू नये, पण आता लपवून काय करायचं? कोणी सांगतात, कोणे एके काळी इथं समुद्र होता. कोणी म्हणतात, मोठं तळं होतं, त्याला बाहेर जायला वाट नव्हती, ते आटलं आणि मीठ तळाशी राहिलं. कोणी म्हणतात, समुद्रही नाही आणि तळंही नाही, मातीतलेच क्षार निचरा न झाल्यामुळे साचत गेले. यातलं जे वाचावं ते वाचताना खरं वाटतं. आमच्या गावात चौथंच सांगतात. एक तहानलेला गोसावी दारोदार फिरला, कोणी त्याला पाणी दिलं नाही, म्हणून त्यानं पूर्णेच्या काठाला शाप दिला. लहानपणी मला ते पटायचं, कारण तहानलेल्याला पाणी द्यायचं म्हटलं की आमच्या घरात खरोखरच एक क्षण शांतता व्हायची. कोणत्या माठातलं द्यायचं, हा प्रश्न असायचा.

इतिहासही तसाच गोंधळात टाकणारा. जुने लोक सांगत, की या भागात खास मिठाच्या विहिरी होत्या, त्यांचं पाणी उन्हात आटवून लोक मीठ करत आणि विकत. इंग्रजांनी ते बंद पाडलं. पुढे मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा देशातले लोक समुद्राकडे गेले आणि आमच्याकडचे विहिरींकडे. ही गोष्ट सांगताना माझ्या वडिलांची मान ताठ व्हायची. आणि दुसऱ्याच घटकेला आंघोळीला बसले की डोक्यातला साबण निघत नाही म्हणून त्याच पाण्याला शिव्या द्यायचे. पाणी अभिमानाचं की शिव्यांचं, हे आमच्या घरात कधी ठरलं नाही.

मला जो उन्हाळा आठवतो, त्या वर्षी मी दहावीला होते. ओट्यावर बसून मोठमोठ्यानं पाठ करत होते. अंगणात माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, पऱ्हाट्यांच्या म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या मोळ्या बांधत होता. वाळवंट म्हणजे काय, यावरचं उत्तर मी तिसऱ्यांदा म्हटलं. जिथे पाऊस अत्यल्प पडतो, जिथे पाण्याचे साठे नसतात, वगैरे. काकानं हात थांबवला.

"थांब व जरा. आपल्याकडं पाऊस पडते. नदी हाय. विहिरी भरल्या हायेत. अन् पेयाले पाणी नाई. मंग आपल्याले काय म्हनतात तुह्या पुस्तकात?"

मी पानं उलटून पाहिली. वाळवंट होतं, पठार होतं, मैदान होतं. आमचं काही सापडेना.

"काईच नाई म्हनत," मी म्हटलं.

"म्हनजे आपन नाईच पुस्तकात," असं म्हणून काकानं मोळी आवळली. तो हसत होता, पण मला उगाच रडू यायला लागलं. परीक्षेच्या दिवसांत कशानंही रडू येतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

काका उंच, शिडशिडीत आणि कमालीचा लाजरा माणूस होता. रोज सकाळी विहिरीचं पहिलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावायचा आणि निकाल द्यायचा. "आज नरम हाय." "आज लई कडक हाय." पावसाळ्यात पाणी नरम व्हायचं, उन्हाळ्यात कडक. आम्हाला सवय होती, आम्ही तेच प्यायचो. बाहेरचा माणूस आला तर मात्र पंचाईत. आणि बाहेरचा माणूस येणं तर भाग होतं, कारण काकाचं लग्न व्हायचं होतं.

खाऱ्या पाण्यात पोरगी द्यायची नाही, अशी वऱ्हाडात रीतच पडून गेली आहे. परतवाड्याकडचे देत नाहीत, बार्शीटाकळीकडचे देत नाहीत. गंमत म्हणजे खारपाणातले लोकसुद्धा खारपाणात पोरगी देत नाहीत. आमच्याच आत्याला वडिलांनी शोधून शोधून गोड पाण्यात दिली होती आणि मग आपल्या भावाला कोणी मुलगी देत नाही म्हणून तेच कपाळाला हात लावून बसायचे. चार ठिकाणची माणसं घर पाहून गेली होती. शेत चांगलं, मुलगा निर्व्यसनी, घर बरं. पाणी प्यायले आणि कळवतो म्हणून गेले.

तेव्हा ती युक्ती निघाली. ती कोणी काढली ते कोणी कबूल करत नाही. आमच्या पट्ट्यात एखादी विहीर नवलानं गोड लागते, ही गोष्ट खरी आहे. गावात अशी एक होती, मारुतीच्या देवळामागे, आणि तीही उन्हाळ्यात आटायची. हे नवल आपल्या विहिरीच्या नावावर खपवायचं ठरलं. आमची विहीर गोड आहे, एवढंच म्हणायचं. गोड पाणी वडिलांनी परतवाड्याहून मागवलं. काळीपिवळी जीपच्या टपावर दुधाची कॅन बांधून ते आलं आणि नव्या माठात ओतलं गेलं. आईनं आम्हा सगळ्यांना बजावलं, त्या माठाला हात लावायचा नाही.

माझ्या भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. मुलीचे वडील आणि मामा. तेव्हा मुलगी घर पाहायला येत नसे, पुरुषच येत. ते कुठले, तर परतवाड्याच्या शेजारच्या खेड्यातले. म्हणजे आम्ही त्यांचंच पाणी त्यांना पाजणार होतो. न्हाणीपाशी बादली, तांब्या आणि साबणाची वडी ठेवली होती. त्यांनी हातपाय धुतले, सतरंजीवर बसले. काकानं तबकात पाण्याचे पेले आणले. त्यानं मान वर केलीच नाही. पेले ठेवले आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.

मुलीचे वडील घोट घेऊन म्हणाले, "पाणी तं अगदी आमच्याकडच्यासारखं लागते बावा."

"देवाची करणी," माझे वडील म्हणाले. "आमची विहीर गोड हाय."

मला आतल्या खोलीत हसू आवरेना. आई तोंडात पदर कोंबून उभी होती. काका मात्र आत आला तो तसाच मागच्या दारानं शेतात निघून गेला आणि पाहुणे जाईपर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात वाळवंटावर प्रश्न आला. मला उत्तर पाठ होतं, तरी लिहिताना काकाची खाली घातलेली मान डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा मला तो भित्रा वाटला, हे सांगायला पाहिजे.

सोयरीक जमली. वैशाखात लग्न झालं आणि काकू घरात आली. गोरी, ठेंगणी, मोठ्या डोळ्यांची आणि फार कमी बोलणारी. तिनं पहिल्यांदा स्वयंपाक केला तो दिवस मला लख्ख आठवतो. आमच्याकडे वरणाला, भाजीला मीठ टाकतच नसत, टाकलं तर बोटाच्या टोकावर मावेल एवढं. पाण्यातच असायचं ना! काकूनं आपल्या माहेरच्या हातानं मीठ टाकलं. पहिला घास तोंडात गेला आणि पंगत थिजली. ते वरण नव्हतंच, मिठाचा काढा होता. आई वडिलांकडे पाहते, वडील माझ्याकडे, मी ताटाकडे. आता बोललं तर विहिरीचं खरं बाहेर पडणार. म्हणून कोणी ब्र काढला नाही. "झकास झालं," असं वडील म्हणाले आणि पाण्यावर पाणी प्यायले, तेही खारंच. काकू दाराशी उभी राहून एकेकाचं तोंड निरखत होती.

दुसऱ्या दिवशी वरण आमच्यासारखं झालं. मीठ नव्हतं. काकूनं काही विचारलं नाही, भांडली नाही, माहेरी निरोप धाडला नाही. हे आम्हाला रागापेक्षाही अवघड गेलं. तिला कळलं का? कळलं तर बोलत का नाही? की कळलंच नाही आणि अंदाजानं मीठ बरोबर पडलं? तो सारा उन्हाळा आई आणि मी कुजबुजत काढला. माझा निकाल लागला, मी पुढच्या शिक्षणाला अमरावतीला आले, आणि तो प्रश्न तसाच मागे राहिला. पुढे पुढे तर आम्हाला वाटायला लागलं, की आपण तिला पुरतं फसवलं आणि आपलं निभावलं.

मग वर्षं गेली. काका-काकूंना प्रफुल झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणाचं पाणी नळानं गावात आलं. पहिल्या दिवशी लोकांनी नळाला हार घातला, नारळ फोडला. काकानं ते पाणी एक घोट पिऊन ठेवून दिलं. "याले चवच नाई," म्हणाला. नळ उन्हाळ्यात मध्येच बंद पडायचा, तेव्हा विहीर होतीच. काका शेवटपर्यंत विहिरीचं प्यायला. मुतखड्यानं तो तरणेपणापासून हैराण होता. शेवटी किडन्या गेल्या. अकोल्याला दवाखान्यात डायलिसिसवर असताना त्याला पाणी मोजून मिळायचं आणि तो मला म्हणायचा, "आपल्या विहिरीचं आन व घोटभर." मी नेलं नाही. न्यायला हवं होतं की नको होतं, मला माहीत नाही. ज्यानं त्याला मारलं तेच तो मागत होता, आणि ते देणं किंवा न देणं, यातलं प्रेम कोणतं हे भूगोलात नाही आणि कशातच नाही.

यंदाच्या चैत्रात काकूचा फोन आला. प्रफुलला पाहायला बार्शीटाकळीकडचे येत आहेत. प्रफुल बत्तीस वर्षं ओलांडून गेलेला. शेतात तळं खोदून त्यानं हरभरा, भाज्या असं काय काय चालवलंय, पण पत्ता सांगितला की मुलीकडचे फोन ठेवतात. ही मुलगी, कोमल तिचं नाव, अकोल्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, आणि आता मुली स्वतः घर पाहायला येतात. मी म्हटलं, मी येते. आणि येताना दुकानातून थंडगार पाण्याची वीस लिटरची कॅन घेतली. मला वेगळं काही सुचलंच नाही. आमच्या घरी पाहुणे येणार म्हटलं की गोड पाणी आणायचं, हे माझ्या हाडात गेलेलं आहे. गाडी दर्यापूरच्या पुढे गेली तेव्हा दोन्ही बाजूंना उन्हात भेगाळलेली काळी शेतं होती आणि मागच्या सीटवर कॅन डुचमळत होती.

काकूनं कॅन पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"हे काहून आनलं व?"

"पाहुण्यांसाठी. नळ येऊन राहिला का?"

"आठ दिवस झाले, नाई आला."

"म्हणूनच आणलं ना, काकू."

"च्या कर याचा. खाऱ्या पान्यात दूध फाटते. पन पेयाले विहिरीचं देईन मी."

प्रफुल दाढी करत होता. तो ब्रश हातात घेऊन तसाच बाहेर आला. "आई, तू माहं लग्न मोडून राहिली काय?" तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. मला त्याची बाजू पटली. मी काकूला म्हटलं, "अगं, एकदा जमू दे. मग समजेल तिला हळूहळू. तुझंही तसंच झालं ना? तुला तरी कुठं ठाऊक होतं?"

काकू मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली. तिचं हसणं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कसं काय?" मी तिच्याजवळ बसत विचारलं.

"माह्या बापानं इथी हात धुतले. साबनाले फेस आला नाई. घरी येऊन त्यानं मले जवळ बसवलं. म्हने, पोरी, पानी खारं हाय, अन् ते लोक लपवून राहिले. पेयाले आपल्याच गावचं पानी दिलं मले, मी काय वळखत नाई? तू नाई म्हन, तं उद्याच नाई कळवतो."

"मग?"

"मंग म्या विचारलं, पोरगा कसा हाय? तं बापानं सांगतलं, पानी देतानी त्याची मान वर होऊन नोती राहिली. लाजेनं मरून राहिला होता बिचारा. माहा बाप म्हने, खारं पानी मी लई गावात पाह्यलं, पन खोट्याची एवढी लाज वाटनारा मानूस नाई पाह्यला. आता तू ठरव."

"पण मग ते वरण, काकू? तू एवढं मीठ टाकलंस ते? तुला माहीत होतं तर..."

"मुद्दाम टाकलं," काकू म्हणाली. "पाहून राहिली होती, तुमच्यातलं कोन खरं बोलते. तुह्या बापानं तं झकास म्हनलं."

"आणि काका?"

"त्यानं सारं वरन खाल्लं. मंग संध्याकाळी विहिरीवर मले म्हने, उद्यापासून मीठ नोको टाकजो. पानीच खारं हाय आपलं. आमी खोटं बोललो तुह्या बापाजवळ. तुले जायचं असन तं मी सोताच सोडून देतो तुले, कोनी तुले बोल लावनार नाई." काकूनं पदरानं तोंड पुसलं. "एवढं बोलला तो. लग्नात काय बोलला नसन इतकं एका दमात बोलला."

माझ्या डोक्यात आयुष्यभराचं सगळं उलटंपालटं झालं. ज्यांना आम्ही फसवलं ते फसले नव्हते. जो मला भित्रा वाटला, तो एकटाच घरात धीट निघाला. आणि हे सगळं ठाऊक असून ही बाई इतकी वर्षं आमच्या कुजबुजीत गप्प बसून राहिली. मला तिचा राग आला आणि तिला मिठीही मारावीशी वाटली, दोन्ही एकदमच. काही न सुचून मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं, कॅनमधल्या पाण्याचं.

पाहुणे आले. कोमल, तिचे वडील आणि आई. मुलगी सावळी, तरतरीत, केस घट्ट बांधलेले. काकूनं स्वतः तबक आणलं. कोमलच्या आईनं पहिला घोट घेतला आणि तिचा चेहरा आक्रसला. वडिलांनी पेला खाली ठेवला. कोमल मात्र थांबत थांबत अर्धा पेला प्यायली, जसं काही औषध घ्यावं तसं.

"नळाले पानी रोज येते का?" तिनं विचारलं. प्रश्न प्रफुलला होता.

आदल्या दिवशी त्यानं याचं, रोज येते, असं उत्तर पाठ करून ठेवलं होतं, मला फोनवर म्हणूनही दाखवलं होतं. त्याची मान खाली गेली. हुबेहूब तशीच. "नाई येत," तो म्हणाला. "उन्हाळ्यात तं बिलकूलच भरवसा नाई."

"अन् तुमचे बाबा कशानं गेले?"

मी डोळे मिटून घेतले. उत्तर काकूनं दिलं. "किडनीनं. हेच पानी पिऊन, असं डॉक्टर म्हनत. तुले हे प्या लागन असं मी म्हनत नाई पोरी. फिल्टर घेऊ, नळाचं साठवू, तळ्याचं हाय. पन या घरात पानी असं हाय, हे तुले आजच समजलं पायजे."

मग कोमलनं आपल्या पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली आणि म्हणाली, "याच्यात भरून द्या मले. विहिरीचं."

प्रफुलनं भरून आणली. ती घेऊन ते गेले. कळवतो, एवढंच तिचे वडील म्हणाले, आणि तो शब्द आमच्या घराला चांगला ओळखीचा होता.

बाटली कशाला नेली असेल, यावर आम्ही संध्याकाळभर डोकं फोडलं. प्रफुल म्हणाला, लॅबमध्ये तपासायला. मी म्हटलं, रक्त तपासणारे पाणी कसं तपासतील? तो म्हणाला, मशीन असते. मग त्यानं मोबाइलवर खाऱ्या पाण्यात काय काय असतं ते शोधलं आणि वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. तो जेवला नाही. काकूनंही त्याला आग्रह केला नाही. ती ओट्यावर बसून अंधारात विहिरीकडे पाहत होती. तिनं केलं ते बरोबर की चूक, हे मी स्वतःला विचारत होते आणि दर वेळी वेगळं उत्तर येत होतं. खरं बोलून लेकराचा संसार हुकला तर त्या खऱ्याचं काय लोणचं घालायचं? आणि खोटं बोलून संसार झाला, तर त्या पोरीच्या किडन्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होते. पिशवी दारात ठेवलेली. काकूचा फोन वाजला. नंबर अनोळखी. तिला कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"काकू, मी कोमल बोलून राहिली."

प्रफुल गोठ्यातून धावत आला आणि दारातच थबकला.

"बोल पोरी."

"तुमच्या पान्याचं वरन टाकलं आज. डाळ शिजूनच नाई राहिली. कितीक शिट्ट्या झाल्या."

"नाई शिजत," काकू म्हणाली. "आदी भिजू घालावं लागते. चांगली रातभर."

"अन् मीठ? मी आपलं नेहमीसारखं टाकलं, तं तोंडात घालवत नाई कोनाले. आई म्हने, फेकून दे. मी म्हटलं, पयले काकूले विचारतो. मीठ किती टाकाचं याच्यात?"

मी काकूच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "टाकूच नोको. पान्यातच असते."

"बरं," तिकडून आवाज आला. "संध्याकाळी पुन्हा करून पाह्यतो. बाटलीत हाय अजून थोडं." आणि फोन बंद झाला.

प्रफुल आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत होता. "म्हनजे काय? हो म्हनली का नाई म्हनली?"

"बावा," काकू म्हणाली, "ज्याले यायचं नाई, ते मीठ कायले विचारन?"

मग ती उठली. कोपऱ्यात माझी कॅन होती, चहापुरतं काढलेलं सोडलं तर भरलेलीच. काकूनं ती उचलली, कमरेवर घेतली आणि अंगण ओलांडून विहिरीवर गेली. मी मागे धावले. आमच्या गावात गोड पाण्याचा थेंब कोणी सांडत नाही, सांडला तर चिमण्यांसाठी वाटीत गोळा करतात. काकूनं कॅन कठड्यावर टेकवली, झाकण काढलं आणि सगळंच्या सगळं पाणी विहिरीत ओतून दिलं. ती रडत होती आणि हसतही होती.

"घे," ती वळून मला म्हणाली. "आता सांग कोनालेबी. आमची विहीर गोड हाय."